टपावरचा बॉक्स: लिटर विसरा, किलो मोजा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त आकडे नीट दिसावेत म्हणून थोडी साफसफाई केली आहे.)

हेडफोन कानात असतील, बहुतेक जण लोकलमध्ये असाल, काही जण ईस्टर्न एक्सप्रेसवर ट्रॅफिकमध्ये अडकले असाल. आजचा विषय गाडीचाच आहे. गेल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नावर आले. "ताई, गणपतीला गावी जायचंय, गाडीत सामान मावत नाही, टपावर बॉक्स लावू का? कुठला घेऊ?"

बॉक्स लावायला माझी ना नाही. आमच्या गाडीवर आम्ही लावतो. पण कुठला घ्यायचा, हा प्रश्न शेवटी येतो. त्याआधी तीन-चार गोष्टी बघाव्या लागतात आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची दुकानात कुणीच सांगत नाही. बॉक्स लिटरमध्ये विकतात. तीनशे लिटर, चारशे लिटर, पाचशे लिटर. तुमच्या गाडीच्या टपाला मात्र लिटर कळत नाहीत, त्याला किलो कळतात. आजचा सगळा भाग या एका वाक्याभोवती आहे.

डिकी गेली कुठे?

मुंबईत, त्यातही आपल्या उपनगरांत, हा प्रश्न इतका का पेटलाय? कारण सीएनजी. मुलुंड असो, बोरिवली असो, रोज ऑफिसला गाडी काढणाऱ्यांपैकी कितीतरी जणांकडे सीएनजीच आहे. आमच्याकडेही. खर्चाला बरी पडते, पण डिकीत टाकी बसते. टाकीच्या वरच्या बेचक्यात दोन सॅक, बाजूला छत्री आणि चपलांची पिशवी, संपली डिकी. यावर कंपन्यांनी उपायही काढला. टाटानं 2023 मध्ये अल्ट्रोझला एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, 2024 मध्ये ह्युंदाईनं एक्स्टरमध्ये तशीच मांडणी आणली. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या अजून जुन्याच मांडणीच्या आहेत.

आता आमच्या घरचं सांगते. आम्ही पाच जण. आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी. गाव राजापूर तालुक्यात. मुलुंडहून निघालं की साधारण पावणेचारशे किलोमीटर. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना पाय लांब करून बसावं लागतं. म्हणजे पुढच्या सीटच्या पायाशी बॅग ठेवता येत नाही. मागे तिघं. त्यांच्या मांडीवर सामान दिलं तर सीटबेल्ट नीट लागत नाही. मागच्या काचेपर्यंत रचलं तर दादाला आरशात मागचं काही दिसत नाही, आणि जोरात ब्रेक लागला की तीच बॅग मागून मानेवर येते. म्हणून टपाचा विचार सुरू झाला. हौस म्हणून नाही, तर आत बसलेल्या माणसांना नीट बसता यावं म्हणून.

बॉक्स घ्यायचा की नाही हे ठरवताना हाच प्रश्न स्वतःला विचारा. आतल्या माणसांची जागा मोकळी करायला हवाय की आणखी सामान न्यायला? पहिलं कारण असेल तर पुढे ऐका. दुसरं असेल तर जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

किलोचं गणित

गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जाडसर पुस्तक असतं, जे आपण गाडी घेतल्यापासून उघडलेलं नसतं. ओनर्स मॅन्युअल. त्यात टपावर जास्तीत जास्त किती वजन चालेल, याचा आकडा शोधा. आमच्या गाडीचा आकडा मी मुद्दाम सांगत नाहीये, कारण तुम्ही तोच धरून चालाल. पण अंदाज यावा म्हणून सांगते. रेनॉच्या ट्रायबर आणि कायगरच्या माहितीपत्रकात टपावरच्या रेलिंगची क्षमता 50 किलो लिहिलेली असते. बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांचा आकडा 50 ते 75 किलोच्या दरम्यान असतो. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की टपावर काहीही ठेवू नका. तसं असेल तर विषय संपला. दुकानदार काहीही म्हणो, आपण घरी यायचं.

आता 50 किलो धरून हिशेब करू. 50 म्हणजे 50 किलो सामान नाही. त्या 50 मध्ये टपावरचं सगळं येतं. आडव्या पट्ट्या, ज्यांना क्रॉसबार म्हणतात, त्या साधारण 5 किलो. बॉक्स स्वतः, मध्यम आकाराचा, साधारण 15 किलो. झाले 20. उरले 30. सामानासाठी तीस किलो, बस्स.

आणि तीस किलो म्हणजे किती? विमानाला चेक-इन करतो त्या दोन भरलेल्या बॅगा. चारशे लिटरच्या बॉक्समध्ये अशा दोन बॅगा टाकल्या की तो निम्मासुद्धा भरत नाही. आपल्याला वाटतं, अरे, अजून केवढी जागा आहे! आणि तिथेच घोळ होतो. जागा उरते, वजन उरत नाही. म्हणून मोठा बॉक्स घेणं म्हणजे शहाणपणा नाही. उलट मोठा बॉक्स स्वतःच जड, त्यामुळे सामानासाठी आणखी कमी किलो उरतात.

मी चौकशीला गेले तेव्हा एका दुकानात मला सांगितलं, "मॅडम, शंभर किलो टाका, काही होत नाही." उभ्या गाडीवर खरंच काही होत नाही. उभ्या गाडीचं टप त्यापेक्षा कितीतरी जास्त वजन पेलतं. मॅन्युअलमधला आकडा चालत्या गाडीचा असतो. ब्रेक मारला, वळण घेतलं, खड्ड्यात आपटलं की तेच सामान पट्ट्यांना पुढे, बाजूला, वर ओढतं. कडक ब्रेक लागला तर 50 किलोचं सामान साधारण 40 किलोच्या जोरानं पुढे ढकललं जातं. तो सगळा जोर चार पकडींवर येतो.

अजून एक आकडा देते, लक्षात राहील. 80 च्या वेगानं जाणाऱ्या गाडीवरून बॅग सुटली तर ती सुटतानाच 80 च्या वेगात असते. साधारण 25 मीटर उंचीवरून खाली सोडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग तेवढाच असतो. 25 मीटर म्हणजे आपल्या टॉवरचा आठवा मजला. आठव्या मजल्यावरून बॅग खाली टाकायची का? नाही ना? मग मागून बाइकवर कुणीतरी येत असतं, हे डोक्यात ठेवून पट्ट्या आवळायच्या.

टपाची मर्यादा पाळली तरी एक मर्यादा राहते, ती अख्ख्या गाडीची. माणसं, सामान, सगळं धरून एक कमाल वजन ठरलेलं असतं. सीएनजीची टाकी आणि किट मिळून साधारण 80 ते 100 किलो आधीच वाढलेले असतात. म्हणजे एक धडधाकट माणूस डिकीत कायमचा बसलेलाच आहे, असं समजा. पाच मोठी माणसं, भरलेली टाकी आणि वर टप भरलेलं, म्हणजे गाडी मर्यादेच्या काठावर असते. सीएनजीवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा.

आधी टप बघा, मग दुकान

जुन्या मुंबईत हे सगळं सोपं होतं. पद्मिनी टॅक्सी आठवतेय? 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावर होती. तिच्या टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायला पत्र्याची पन्हळ असायची. त्या पन्हळीला कॅरिअरचे पाय अडकवायचे, नट आवळायचे, झालं. वर ट्रंक, वळकटी, दोरी. हल्लीच्या गाड्यांना ती पन्हळच नसते. म्हणून आता प्रत्येक मॉडेलला वेगळी पकड लागते आणि "सगळ्या गाड्यांना बसतं" असं लिहिलेलं दिसलं की सावध व्हायचं.

तुमच्या टपावर तीनपैकी एक प्रकार असेल.

पहिला, उंच रेलिंग. टप आणि रेलिंग यांच्यात बोटं जातील एवढी फट असते. पट्ट्या बसवायला सगळ्यात सोपं.

दुसरा, टपाला चिकटलेली रेलिंग, मध्ये फट नाही. याला वेगळे पाय लागतात.

तिसरा, साधं टप, रेलिंगच नाही. इथे पकडी दाराच्या चौकटीत अडकतात. दार उघडल्यावर दिसतात. गाडीच्या मॉडेलप्रमाणे पकड बरोबर मिळाली तर चांगलं बसतं, नाहीतर रबर चेपतं आणि पावसात दारातून पाणी आत येतं.

आणि एक चौथा प्रकार, फसवा. दिसायला रेलिंग, पण नुसती शोभेची. प्लास्टिकची पट्टी टपावर चिकटवलेली. हे बाहेरून ओळखता येत नाही, हलवून बघूनही खात्री होत नाही. म्हणून पुन्हा मॅन्युअल. त्यात रेलिंगची क्षमता दिलेली असेल तरच ती सामानाची रेलिंग. नसेल तर ती दागिना आहे, असं समजा.

सनरूफवाल्यांसाठी एक ओळ: तुमचं सनरूफ वरच्या बाजूनं मागे सरकत असेल तर पट्टीवर आदळू शकतं. पट्ट्या असेपर्यंत ते बंद ठेवायचं. घरातल्या लहान मुलांना आधीच सांगून ठेवा.

बॉक्स, बॅग की जाळी?

जाळी म्हणजे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं उघडं कॅरिअर. स्वस्त पडते, दणकट असते, पण जड. वर ताडपत्री आणि दोरी तुमची तुम्ही. मे महिन्यात चालेल. गणपतीत, म्हणजे ऐन पावसात, ताडपत्रीचा एक कोपरा सुटला की ती पेणपासून फडफडायला लागते आणि महाडपर्यंत अर्धी फाटते.

मऊ बॅग म्हणजे जाड कापडाची, चेनवाली. वजन अगदी कमी, त्यामुळे तुमच्या 50 मधले जास्त किलो सामानाला उरतात. घडी करून कपाटात जाते. कमी पैशात काम. पण "वॉटरप्रूफ" लिहिलेलं कापड असतं, शिवण आणि चेन नसते. 80 च्या वेगात समोरून येणारा पाऊस चेनमधून आत शिरतो.

कडक बॉक्स म्हणजे एबीएस प्लास्टिकचा, कुलूपवाला, पुढून निमुळता. वारा कमी अडवतो, पाऊस चांगला अडवतो, चोरीपासूनही थोडं संरक्षण. या धंद्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे स्वीडनची थुले, 1942 पासूनची कंपनी. आता देशी बॉक्सही बरेच मिळतात. मी विचारलं तिथे देशी बॉक्स पंधरा-वीस हजारांपासून होते, नावाजलेले परदेशी त्याच्या दुप्पट-तिप्पट. पट्ट्यांचे पैसे वेगळे, हे विसरू नका. पट्ट्यांच्या माहितीपत्रकात आयएसओ 11154 असं लिहिलेलं दिसलं तर चांगलं. टपावरच्या वाहक पट्ट्यांच्या चाचणीचं ते आंतरराष्ट्रीय मानक आहे.

निवड करताना एक बारीक गोष्ट बघा, बॉक्स कुठल्या बाजूनं उघडतो? आपण रस्त्याच्या डाव्या कडेला थांबतो. बॉक्स फक्त उजवीकडून उघडत असेल तर हायवेवर ट्रकच्या बाजूला उभं राहून सामान काढावं लागेल. दोन्हीकडून उघडणारा घ्या किंवा निदान डावीकडून.

आणि आता उपनगरातला खरा प्रश्न. वर्षाचे उरलेले अकरा महिने हा बॉक्स ठेवायचा कुठे? दोन मीटर लांब, चाळीस सेंटीमीटर उंच. वन बीएचकेमध्ये तो पलंगाखाली जात नाही, माळ्यावर जात नाही. पार्किंगमध्ये भिंतीला टांगायचा तर सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस काढतात. आम्ही असं केलंय. माझा मावसभाऊ घाटकोपरला राहतो, त्याच्याकडे पोटमाळा आहे. बॉक्स दोघांत मिळून घेतला आणि तो त्याच्याकडे असतो. पट्ट्या मात्र ज्याच्या त्याच्या, कारण दोन गाड्या वेगळ्या. तो मे महिन्यात नेतो, आम्ही गणपतीला. कुणाशी अशी वाटणी जमत नसेल आणि घर लहान असेल, तर खुशाल मऊ बॅग घ्या. बॅगेत काही कमीपणा नाही.

उंची: एक कागद डॅशबोर्डवर

बेरीज करू. अर्टिगाची उंची 1.69 मीटर. त्यावर पट्ट्या साधारण 10 सेंटीमीटर. त्यावर बॉक्स 40. एकूण 2.19 मीटर. वॅगन आर 1.675 मीटर, म्हणजे ती 2.17 च्या आसपास जाते. आणि मॉलच्या पार्किंगच्या तोंडाशी लटकवलेला तो पिवळा-काळा दांडा बऱ्याच ठिकाणी 2.1 मीटरवर असतो. म्हणजे अडकलात.

सोसायटीतली यांत्रिक पार्किंग तर अजून कडक. ज्या बिल्डिंगा नव्यानं झाल्यात, तिथे एकावर एक गाड्या चढवणाऱ्या पाळण्यात सेडानच्या खणाला कित्येकदा 1.55 मीटरच मर्यादा असते. त्यात बॉक्स लावलेली गाडी कुठलीच जाणार नाही. म्हणून बॉक्स निघायच्या आदल्या रात्री नाही, निघायच्या दिवशी पहाटे बसवा आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार हे आधी वॉचमनकाकांशी बोलून ठेवा.

गावाकडेही उंची असतेच. वाडीच्या तोंडाची कमान, अंगणावरून गेलेली केबलची वायर, पावसानं वाकलेली फणसाची फांदी. एका कागदावर मोठ्या अक्षरात उंची लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. गाडी कुणीही चालवू दे, त्याला ती दिसली पाहिजे.

बसवायचा कसा?

दोन माणसं लागतात. एकट्यानं करू नका, टपाला ओरखडे येतात.

आधी टप पुसून घ्या. पट्ट्यांच्या पायाखाली वाळूचा कण राहिला तर रंग जातो. मग पट्ट्या. दोन पट्ट्यांमधलं अंतर बॉक्सच्या पत्रकात दिलेलं असतं, बहुतेक वेळा 60 ते 80 सेंटीमीटरच्या आसपास. डावीकडून आणि उजवीकडून टेपनं मोजा. पट्टी तिरकी बसली तर पकडीवर ताण एकाच बाजूला येतो.

मग बॉक्स वर ठेवा. लगेच आवळू नका. आधी डिकीचं दार हळूहळू, हातानं धरून, पूर्ण उघडा. ते बॉक्सला लागतंय का? लागत असेल तर बॉक्स पुढे घ्या. पण इतकाही पुढे नाही की तो समोरच्या काचेवर लोंबेल. मागच्या अँटेनालाही जागा सोडा.

आता पकडी. चारही थोड्या-थोड्या, आळीपाळीनं आवळा. एकच आधी घट्ट करून मोकळे होऊ नका. किती घट्ट हे पत्रकात असतं, काही पान्यांना योग्य जोर आला की टक्क आवाज येतो. मग परीक्षा: बॉक्सला दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. गाडी हलली पाहिजे. गाडी न हलता बॉक्सच हलला तर पुन्हा आवळा.

आणि ही परीक्षा एकदाच करायची नाही. निघाल्यावर चाळीस-पन्नास किलोमीटरवर थांबून पुन्हा करायची. गाडी धक्के खाते, रबर बसतं, नट सैल होतात. आमचा थांबा पळस्पे फाट्याच्या आसपास ठरलेला आहे. सगळे चहा घेतात, दादा आणि मी बॉक्स हलवतो. बोरिवलीहून येणाऱ्यांनाही तिथंच सोयीचं पडेल.

टायरमधली हवा विसरू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. तो घ्या, आणि हवा टायर थंड असताना भरा.

वर काय, खाली काय?

साधा नियम आहे. हलकं आणि फुगीर वर, जड आणि छोटं खाली.

वर: कपडे, चादरी, उशा, घडीचं कापडी मखर, पडदे, लाइटच्या माळा, प्लास्टिकची रिकामी भांडी. खाली: तांदूळ, तेल, किराणा, पाण्याच्या बाटल्या, पितळेची समई. वर अजिबात नाही: लॅपटॉप, पॉवर बँक, औषधं, दागिने, कागदपत्रं. उन्हात बंद बॉक्स भट्टी होतो. आणि गणपतीची मूर्ती पेणहून घेणार असाल तर ती मांडीवरच. ते मला सांगायची गरज नाही, आई बघून घेईल.

बॉक्समध्ये त्यातल्या त्यात जड पिशव्या मधोमध, दोन पट्ट्यांच्या मध्ये. टोकांना उशा. आतल्या पट्ट्यांनी सगळं बांधा, सैल सामान आतल्या आत पुढे-मागे धडकतं. आणि बॉक्स कितीही चांगला असो, कपडे मोठ्या काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरून मगच आत ठेवा. दहा रुपयांचा विमा.

वजन कसं मोजायचं? बाथरूमचा काटा असेल तर बॅग घेऊन उभे राहा, मग बॅगेशिवाय उभे राहा, वजाबाकी करा. बॅगेला अडकवायचा हातातला डिजिटल काटाही मिळतो. प्रत्येक पिशवीवर मार्करनं किलो लिहा.

जाताना हे सगळे नीट करतात. खरी परीक्षा येताना असते. जाताना बॉक्समध्ये उशा असतात. येताना काकू अंगणात उभी असते. "एवढे नारळ घेऊन जा गं." "हे घरचे तांदूळ, मुंबईत मिळायचे नाहीत." सोललेला नारळ साधारण अर्धा किलोचा. वीस नारळ म्हणजे 10 किलो. तांदळाचं पोतं 25 किलो. झाले 35, टपाचे 30 कधीच संपले. मे महिन्यात गेलात तर हापूसची पाच डझनांची पेटी. अडीचशे ग्रॅमचा आंबा धरला तर साठ आंबे म्हणजे 15 किलो, लाकडी खोका वेगळा. दोन पेट्यांत टपाचा कोटा पार.

काकूला नाही म्हणायचं नाही. म्हणू शकतही नाही आपण! फक्त अदलाबदल करायची. नारळ आणि तांदूळ आत, खाली, सीटमागे घट्ट अडकवून. आत असलेले कपडे वर. त्यानंतरही उरलं तर ते एसटीनं किंवा खासगी बसच्या डिकीतून पाठवा. आमच्या घरी आता बाबाच मार्करनं किलो लिहून देतात आणि काकूला म्हणतात, "टप भरलं गं, आता खालचं बघू."

चालवताना

टपावर वजन गेलं की गाडीचा तोल वर सरकतो. वळणावर गाडी जास्त झुकते, थांबायला जास्त अंतर लागतं. कशेडीला आता बोगदा आहे, पण परशुराम घाट आहे, भोस्ते घाट आहे. तिथे वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर. अटल सेतूवरून जाणार असाल तर 21.8 किलोमीटरच्या त्या पुलाचा बराचसा भाग खाडीवर आहे आणि बाजूचा वारा मोकळा. कारसाठी 100 ची मर्यादा आहे म्हणून 100 नं जायलाच हवं असं नाही. बॉक्स असताना आम्ही सगळीकडे 80 च्या आत राहतो.

इंधन? अमेरिकी सरकारच्या इंधन-माहितीनुसार मोठा, बोथट तोंडाचा बॉक्स लावला की शहरात मायलेज 2 ते 8 टक्के पडतं, हायवेवर 6 ते 17 आणि ताशी 105 ते 120 किलोमीटरच्या वेगात 10 ते 25 टक्के. आपल्या भाषेत: चारशे किलोमीटर, किलोला 25 चं मायलेज, 15 टक्के पडलं तर एका खेपेला अडीच-तीन किलो सीएनजी जास्त. सुट्टीच्या आनंदापुढे काही नाही. पण परत आल्यावर तो बॉक्स "नंतर काढू" म्हणत दिवाळीपर्यंत वर राहिला तर रोजच्या ऑफिसच्या फेरीत पैसे जातात. आल्या आल्या काढा, पुसा, उघडा ठेवून वाळवा. ओला बंद केला तर बुरशी धरते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. म्हणून टपाला भोक पाडणं, वेल्डिंगनं कॅरिअर जोडणं, हे नकोच. पकडींनी लावलेला आणि काढता येणारा बॉक्स ही वेगळी गोष्ट आहे, पण तोही मॅन्युअलमधल्या मर्यादेत हवा आणि गाडीच्या रुंदीबाहेर काही येता कामा नये. कलम 194 मध्ये बाजूला, पुढे-मागे किंवा ठरलेल्या उंचीबाहेर जाणाऱ्या सामानाला वीस हजारांचा दंड आहे. मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कुणी अडवलं तर दाखवता येईल. आणि विमा कंपनीला एक मेल टाकून बॉक्सबद्दल कळवून ठेवा.

तर मंडळी, आज एवढंच. पण ऐकून सोडून देऊ नका. आज घरी गेल्यावर ग्लोव्ह बॉक्स उघडा, ते पुस्तक काढा, टपाचा आकडा शोधा आणि मला पाठवा. गाडीचं मॉडेल आणि किलो, एवढंच. पुढच्या भागात त्यातल्या काही गाड्यांचा हिशेब एकत्र करू. कुणाला आकडा सापडला नाही, तर पानाचे फोटो पाठवा, मिळून शोधू. गावी जाणाऱ्या सगळ्यांना सुखरूप प्रवास. सीटबेल्ट लावा, मागच्यांनीसुद्धा. भेटू पुढच्या शनिवारी.